वाचकांचे प्रश्न: स्टेअरिंग आणि सस्पेन्शनची घरगुती दुरुस्ती

गाडीची कोणती कामे घरच्या घरी करता येतात, या विषयावर मागील अंकात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये ऑइल किंवा फिल्टर बदलण्याविषयीचे प्रश्न थोडे आणि स्टेअरिंग-सस्पेन्शनविषयीचे प्रश्न पुष्कळ आहेत. म्हणून या वेळचे सदर केवळ त्या प्रश्नांसाठी ठेवले आहे. एक गोष्ट आधीच नमूद करतो, कारण पुढील सर्व उत्तरे तिच्यावर आधारलेली आहेत. इंजिनाच्या कामात चूक झाली, तर गाडी बहुतेक वेळा सुरू होत नाही, धूर सोडते किंवा बंद पडते. म्हणजे चूक लगेच कळते. स्टेअरिंगच्या कामातील चूक मात्र गाडीला चालू देते. अर्धवट बसलेला सांधा आठवडाभर किंवा महिनाभर टिकतो आणि नेमका वळणावर किंवा जोराने ब्रेक दाबताना सुटतो. त्या क्षणी गाडीत दुरुस्ती करणारा असेलच असे नाही. त्याच्या घरची माणसे असतील किंवा समोरून येणारा अनोळखी सायकलस्वार असेल.

प्रश्न: माझ्या गाडीचे पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर गळत आहेत आणि ते स्वतः बदलण्याचे मी ठरवले आहे. पाने सर्व आहेत, फक्त स्प्रिंग दाबण्याचे साधन नाही. जाड तारेने स्प्रिंगचे वेढे घट्ट बांधले की काम भागते, असे एक मित्र सांगतो. ते खरे आहे का?

नाही, आणि आपण पाना हातात घेण्यापूर्वी विचारलेत याचे मला समाधान वाटते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने 1940 च्या दशकात विकसित केलेल्या या रचनेत शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच खांबावर बसवलेले असतात. बॉनेट उघडल्यावर वर दिसणारे बाहेरचे नट (ते बहुधा तीन असतात) हा खांब बॉडीला धरून ठेवतात. त्यांच्या मधोमध असलेला नट मात्र दाबलेल्या स्प्रिंगला जागेवर धरून ठेवतो. बाहेरून पाहता हे सगळे नट सारखेच वाटतात. स्प्रिंग न दाबता मधला नट सोडला, तर वरची बैठक स्प्रिंगसह बंदुकीच्या गोळीसारखी उसळते.

स्प्रिंगमध्ये किती शक्ती साठलेली असते, याचा हिशेब आपण स्वतः करू शकता. एखादी स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यास 20 न्यूटन बल लागते असे धरा. ती 150 मिलिमीटर दाबली, तर 3000 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 300 किलो वजनाएवढ्या बलाने ती उलट ढकलत असते. तिच्यात साठलेली ऊर्जा 225 ज्यूल होते. 10 किलोचा लोखंडी तुकडा सुमारे 2.3 मीटर उंचीवरून खाली येताना एवढीच ऊर्जा मिळवतो. फरक इतकाच की तो तुकडा खालीच पडणार हे आपल्याला ठाऊक असते, सुटलेली स्प्रिंग मात्र कोणत्या दिशेला जाईल हे सांगता येत नाही. तारेचे वेढे घसरतात, तिच्या गाठी सरकतात आणि ती स्वतः तुटते, तेव्हा चाबकासारखी फिरते. वाकून काम करणाऱ्या माणसाचा चेहरा त्या वेळी स्प्रिंगपासून हातभर अंतरावर असतो.

स्प्रिंग दाबण्याचे दोन आकड्यांचे (हुकांचे) आणि लांब स्क्रूचे साधन बाजारात मिळते, परंतु ते आणले म्हणजे धोका संपला असे समजू नये. आकडे स्प्रिंगच्या बरोबर समोरासमोर बसावे लागतात. दोन्ही स्क्रू थोडेथोडे आणि आळीपाळीने आवळावे लागतात, नाहीतर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा वेढ्यावरून घसरतो. स्क्रूला हवेची किंवा विजेची गन लावू नये, कारण तिच्या झटक्यांनी आटे झिजतात आणि आकडा कधी सरकला ते कळत नाही. स्प्रिंग दोन्ही बैठकांत सैल होऊन हाताने फिरू लागेपर्यंत मधल्या नटाला हात लावायचा नाही. स्ट्रटचे टोक कोणाच्याही दिशेने, स्वतःच्याही, ठेवायचे नाही. गंजलेल्या किंवा चीर गेलेल्या स्प्रिंगला हे साधन लावूच नये.

आपल्याला काम करण्याची आवड आहे, म्हणून एक मधला मार्ग सुचवतो. पूर्ण जोडलेला स्ट्रट, म्हणजे नवी स्प्रिंग आणि नवी वरची बैठक बसवूनच आलेला, काही गाड्यांसाठी मिळतो. तो नसेल तर मधल्या नटाला न शिवता जुना स्ट्रट जसाच्या तसा काढावा आणि स्प्रिंग बदलण्याचे काम भिंतीला पक्के बसवलेले यंत्र असणाऱ्या वर्कशॉपकडून करून घ्यावे. स्ट्रट काढताना ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आणि एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, वायर आधी मोकळी करावी आणि चाकाचा हब (चाक ज्यावर बसते तो भाग) तारेने वर बांधून ठेवावा. होजवर त्याचा भार कधीही येऊ देऊ नये. काही गाड्यांमध्ये स्ट्रट आणि हब जोडणाऱ्या बोल्टच्या भोकात थोडी मोकळीक असते. त्यामुळे चाकाचा कल बदलतो आणि अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कल बरोबर असणे) तपासल्याशिवाय ते काम पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.

प्रश्न: गाडीसोबत मिळालेल्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरून सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतील रबरी भाग) बदलले तर चालेल का? काम अर्ध्या तासाचे आहे.

जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. चाक बदलताना माणूस गाडीच्या बाजूला असतो, म्हणून तेवढ्यापुरता तो चालतो. सस्पेन्शनच्या कामात धोका वेगळा आहे. येथे गंजलेले बोल्ट सोडवण्यासाठी लांब दांड्याचा पाना लावून जोर करावा लागतो आणि तो जोर आडवा असतो. गाडीच्या वजनापुरता पुरेसा वाटणारा जॅक आडव्या झटक्याने कलंडतो. हायड्रॉलिक जॅक न कलंडताही, आतील सील झिजले असल्यास, आपोआप खाली बसतो. म्हणून सपाट आणि टणक जमीन, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, उत्पादकाने नेमून दिलेल्या जागांखाली योग्य क्षमतेचे स्टँड आणि खाली शिरण्यापूर्वी गाडी हाताने जोरात हलवून पाहणे, यांतील एकही गोष्ट वगळू नये. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक आधाराला लावणारे लोक मी पाहिले आहेत. ते एका बिंदूवर भार आला की कोणतीही सूचना न देता फुटतात.

आपण बुशांचा उल्लेख केलात, म्हणून आणखी एक मुद्दा. रबरी बुशातून जाणारा बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना पूर्ण आवळायचा नसतो. तसे केले तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बोल्ट हलका बसवून, गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर तो शेवटचा आवळायचा असतो. नेमक्या याच टप्प्यावर माणूस स्टँड काढतो आणि पुन्हा गाडीखाली हात घालतो. ज्यांच्याकडे मजबूत रॅम्प किंवा खड्डा नाही, त्यांनी हे काम घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: टाय रॉड एंड (स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) बदलताना जुना काढताना किती फेरे बसले ते मोजायचे आणि नवा तितकेच फेरे बसवायचा, म्हणजे अलाइनमेंटचा खर्च वाचतो, असे वाचले. ही पद्धत विश्वासार्ह आहे का?

गाडी अलाइनमेंटच्या यंत्रापर्यंत सावकाश नेण्याइतकी ती विश्वासार्ह आहे, त्यापलीकडे नाही. नवा भाग जुन्याशी मिलिमीटरच्या अंशापर्यंत जुळेल याची खात्री नसते आणि जुना भाग झिजलेला असल्यामुळे त्याच्यावर धरलेले माप मुळातच चुकलेले असते. एका फेऱ्याने काय होते ते पाहा. आट्यांचे अंतर 1.5 मिलिमीटर आणि चाक फिरवणाऱ्या आर्मची लांबी 130 मिलिमीटर धरली, तर एका फेऱ्याने चाकाची दिशा सुमारे 0.66 अंशाने बदलते. अनेक गाड्यांमध्ये या कोनाची मान्य मर्यादा एक-दोन दशांश अंशांचीच असते. म्हणजे मोजण्यात अर्ध्या फेऱ्याची चूक झाली तरी मर्यादा ओलांडली जाते. पूर्ण एक फेरा चुकला, तर दर किलोमीटरला मिळून सुमारे 11.5 मीटर आडवे घासणे दोन्ही पुढच्या टायरांच्या वाट्याला येते. टायरची आतली किंवा बाहेरची कडा काही महिन्यांत गुळगुळीत होण्याचे कारण बहुधा हेच असते. वाचलेला खर्च टायरमध्ये जातो, आणि पावसात गाडी सरळ राहत नाही ते वेगळेच.

परंतु अलाइनमेंट ही या कामातील मोठी काळजी नव्हे. मोठी काळजी त्या एका नटाची आहे. टाय रॉड एंडची दांडी निमुळती असते आणि आर्मच्या निमुळत्या भोकात ती घट्ट रुतून बसते. ती सोडवण्यासाठी बरेच जण दांडीच्या टोकावर हातोडा मारतात आणि आटे चेपतात. त्याऐवजी बॉल जॉइंट (गोळी आणि वाटीचा, सर्व दिशांना हलणारा सांधा) काढण्याचे ओढणारे साधन वापरावे. चिमट्यासारखे फाकवणारे साधन रबरी टोपी फाडते, म्हणून ते फक्त टाकून द्यायच्या भागासाठी ठीक आहे. बसवताना निमुळत्या भागाला तेल किंवा ग्रीस लावायचे नसते. तो कोरडा आणि स्वच्छ असावा लागतो. खाचांचा नट असेल, तर दिलेल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या ठरवून दिलेल्या जोरापर्यंत) आवळल्यावर पिनेचे भोक खाचेशी जुळेपर्यंत तो पुढेच न्यायचा, मागे कधीही सोडायचा नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवी घालायची. स्वतः घट्ट राहणारा नट असेल, तर तोही नवाच घ्यायचा, कारण त्याची पकड एकदाच्या वापरानंतर भरवशाची राहत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. शिकाऊ असताना एका गाडीचा टाय रॉड एंड मी बसवला, नट आवळला आणि पिन घालायची राहिली. रात्री झोपताना ते आठवले आणि सकाळ होईपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. गाडी सकाळी परत बोलावली तेव्हा नट हाताने फिरत होता. त्या दिवसापासून स्टेअरिंगच्या प्रत्येक नटावर शेवटचा टॉर्क दिल्याबरोबर रंगाची खूण करण्याची सवय मी लावून घेतली. खूण नसलेला नट म्हणजे न आवळलेला नट, मग काहीही आठवत असो. घरी काम करणाऱ्या प्रत्येकाने एवढी सवय तरी जरूर लावून घ्यावी.

प्रश्न: स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवल्यावर पुढची चाके वळवणारा भाग) खाली उतरवून पुन्हा बसवला. आता स्टेअरिंग सरळ धरले तरी चाके वळलेली असतात, एअरबॅगचा दिवा लागलेला आहे आणि हॉर्न वाजत नाही. मी रॅकला हात लावला, एअरबॅगला नाही. मग असे का झाले?

स्टेअरिंगच्या चाकामागे क्लॉक स्प्रिंग नावाचा भाग असतो. चाक फिरत असतानाही हॉर्न आणि एअरबॅगपर्यंत वीज पोहोचावी म्हणून त्यात फितीसारखी चपटी वायर गुंडाळलेली असते. ती मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना ठरावीक फेरेच सहन करते. रॅकपासून स्टेअरिंगचा दांडा सुटल्यावर स्टेअरिंगला अडवणारे काही उरत नाही. कोणीतरी गाडीत बसताना ते धरते, ते एक फेरा जास्त फिरते आणि पुढे ते वळवताना फीत तुटते. आपल्या तक्रारीची लक्षणे नेमकी याच प्रकारची आहेत. दांडा सोडण्यापूर्वी चाके सरळ करून स्टेअरिंग पट्ट्याने सीटला बांधून ठेवायला हवे होते.

आता ते स्वतः उघडू नका. एअरबॅगमध्ये स्फोटक द्रव्य असते. बॅटरीची जोडणी काढल्यानंतरही तिच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते, म्हणूनच दुरुस्ती-पुस्तिकेत ठरावीक मिनिटे थांबण्याची सूचना असते. मीटर लावून तिच्या वायरी तपासणे तर मुळीच करू नये, कारण मीटरमधून जाणारा अल्प प्रवाहही ती उडवण्यास पुरेसा ठरू शकतो. शिवाय गाडीत स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असल्यास स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो. तो चुकलेला राहिला, तर सरळ रस्त्यावरही गाडी वळते आहे असे ती यंत्रणा समजते आणि भलत्या चाकाला ब्रेक लावू शकते.

गाडी वर्कशॉपमध्ये जाईल तेव्हा, आणि ती उचलूनच न्यावी, एक गोष्ट आवर्जून तपासून घ्या. रॅकच्या दांड्याला जोडणाऱ्या सांध्याचा आडवा बोल्ट दांड्यावरील खाचेतून गेला आहे ना? दांडा पूर्ण आत गेलेला नसतानाही हा बोल्ट घट्ट आवळला जातो आणि हाताला सगळे ठीक लागते. परंतु खाच नसेल तेथे तो केवळ घर्षणाने धरलेला असतो आणि एखाद्या दिवशी स्टेअरिंग फिरते, चाके फिरत नाहीत.

प्रश्न: खड्ड्यात आपटून लोअर आर्म (चाकाचा हब खालच्या बाजूने गाडीशी जोडणारा भाग) थोडा वाकला आहे. तापवून सरळ केला तर नव्यासारखा होईल ना?

होणार नाही. अशा भागांना बळकटी त्यांच्या आकाराने तसेच कारखान्यात मिळालेल्या उष्णतेच्या संस्काराने येते. गॅसने तापवल्यावर तो संस्कार नाहीसा होतो आणि सरळ करताना डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. वाकलेला आर्म, टाय रॉड किंवा हब बदलायचाच असतो. तो ठोकून, तापवून किंवा वेल्डिंग करून वापरायचा नसतो. आणि ज्या धक्क्याने आर्म वाकला, त्याने बॉल जॉइंट, रॅक आणि चाकाची रिमही वाचली आहे असे गृहीत धरू नका.

प्रश्न: माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि गाडीची सर्व कामे स्वतः करू पाहतो. त्याने स्टेअरिंगच्या कामाला हात लावू नये असे मला वाटते, पण त्याचा उत्साहही मोडायचा नाही. काय करावे?

त्याला उघडण्याऐवजी तपासण्याचे काम द्या. ते कमी महत्त्वाचे मुळीच नाही. अनुभवी कारागिराचे निम्मे कौशल्य दोष ओळखण्यातच असते. पुढचे चाक जमिनीवरून उचलून, गाडी स्टँडवर पक्की बसवून, त्याने घड्याळातील बारा आणि सहाच्या जागी हात ठेवून चाक हलवून पाहावे. तेथे खडखड लागली, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगचा संशय येतो. दुसऱ्या कोणीतरी ब्रेक दाबून धरल्यावर खडखड थांबली, तर बहुधा बेअरिंग. नऊ आणि तीनच्या जागी हलवल्यावर प्ले (ढिलेपणा) लागला, तर टाय रॉड एंड किंवा रॅक. येथे एक सूचना आवश्यक आहे: ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते, त्यांत चाक नुसते लोंबकळत ठेवले, तर स्प्रिंगच्या दाबामुळे झिजलेला बॉल जॉइंटही घट्ट वाटतो. अशा वेळी आर्मखाली आधार देऊनच तपासावे लागते.

रबरी टोप्या फाटल्या आहेत का, ग्रीस बाहेर आले आहे का, शॉक ॲब्सॉर्बरच्या अंगावर तेल ओघळले आहे का, हे पाहणे त्याला सहज जमेल. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी मात्र पूर्ण निकामी झालेला शॉक ॲब्सॉर्बरच दाखवते. अर्धा झिजलेला त्या चाचणीत खुशाल पास होतो. टायरवरून तळहात फिरवण्याची सवय सर्वांत उपयोगी. एका बाजूने हात गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला, तर अलाइनमेंट बिघडलेले आहे. ठिकठिकाणी खोलगट भाग लागले, तर शॉक ॲब्सॉर्बर, बुश किंवा बॅलन्सिंग पाहावे.

गाडी हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगची असेल, तर इंजिन चालू असताना गळती बोटाने चाचपायची नाही, हे त्याला नक्की सांगा. त्या नळ्यांतील दाब वळवताना 80 ते 100 बारच्या घरात जाऊ शकतो. सुईसारखी बारीक धार कातडीखाली शिरली, तर वर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत मात्र पेशी मरू लागतात. अशी इजा झाल्यास दुखत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा.

पुढच्या पायरीला तो स्वतः पोहोचेल. तोपर्यंत एखाद्या जाणत्या कारागिराच्या शेजारी उभे राहून दोन-तीन वेळा हीच कामे पाहू द्या आणि पहिला टाय रॉड एंड त्याच्या नजरेखाली बसवू द्या.

प्रश्न: मी दोन्ही लोअर आर्म स्वतः बदलले. काल ब्रेक दाबताना एकदा आणि आज दोनदा ‘टक्’ असा आवाज आला. बाकी गाडी नीट चालते. रविवारपर्यंत चालवून मग वर्कशॉपमध्ये नेली तर चालेल का?

हे पत्र छापण्याची वाट न पाहता आपल्याला उत्तर कळवले आहे. इतरांसाठी तेच येथे देतो. गाडी आजपासून उभी करा. वर्कशॉपमध्ये ती चालवत नेऊ नका, उचलून न्या. ब्रेक दाबताना गाडीचा भार पुढे येतो आणि खालचा आर्म मागे ओढला जातो. त्याच वेळी ‘टक्’ होणे आणि तेही एकाचे दोन होणे, याचा अर्थ काहीतरी सरकत आहे आणि त्याला सरकायला जागा वाढत आहे असाच घ्यावा. बॉल जॉइंटच्या दांडीवर बहुतेक वेळा एक खाच असते आणि हबमधील आडवा बोल्ट त्या खाचेतूनच जावा लागतो. दांडी दोन मिलिमीटर खाली राहिली, तर बोल्ट खाचेच्या कडेला चावतो, घट्ट वाटतो आणि दांडी हळूहळू निसटत जाते. ती पूर्ण निसटली, तर चाक बाहेरच्या बाजूला आडवे पडते आणि त्यानंतर स्टेअरिंगचा उपयोग राहत नाही.

कारण याहून साधेही असू शकेल: आर्मचा मागचा बोल्ट गाडी हवेत असताना हलका ठेवला आणि वजन आल्यावर आवळायचा राहिला, किंवा चाकाचे नट पूर्ण बसले नाहीत. चाकाचे नट ताऱ्याच्या (चांदणीच्या) आकारात, समोरासमोरच्या क्रमाने आवळून 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे असतात. परंतु कोणते कारण आहे ते उभ्या गाडीत, आधारावर आणि टॉर्क रेंच लावून ठरवायचे आहे, रस्त्यावर नव्हे. वर्कशॉपमध्ये सांगताना ‘आवाज येतो’ एवढेच सांगू नका. कोणते भाग बदलले, कोणते नट जुनेच वापरले, टॉर्क रेंच वापरला की अंदाजाने आवळले, आवाज कोणत्या बाजूने आणि किती वेगाला आला, हे कागदावर लिहून द्या. जुने नट वापरले असतील, तर तेही न संकोचता लिहा. तपासणी तेथूनच सुरू होईल.